कोरडं ते टिकतं

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये ज्या काकांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्यांनी पहिल्याच दिवशी किल्लीबरोबर माझ्या हातात मूठभर पुड्या ठेवल्या. नव्या बुटांच्या खोक्यात निघतात ना, आत बारीक मणी आणि वर 'खाऊ नये' असं बजावलेलं, त्या पुड्या. "एक कपाटात, एक बुटांत, एक कागदपत्रांत," काका म्हणाले. "उशीखाली ठेवलीस तरी माझी हरकत नाही." मला वाटलं, गंमत करताहेत. काका गंमत करत नसत, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

त्यांची सगळी नोकरी गंजाशी भांडण्यात गेली होती. तेलाच्या पाइपलाइनला गंज कुठून लागतो, कसा पसरतो, कसा थोपवायचा, हे त्यांचं काम. आता त्या भागातली हवा अशी, की सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी काढावा तर आणखी ओला. अशा गावात ज्या माणसाने दमटपणाशी वैर धरलं, त्याचं काय होणार? निवृत्त झाल्यावर पाइपलाइन कंपनीकडे राहिली आणि वैर तेवढं घरी आलं. प्रत्येक खोलीत दमटपणा मोजणारी छोटी तबकडी. हवेतलं पाणी ओढून घेणारी दोन यंत्रं दिवसभर घुरघुरत असायची. अंघोळ झाली की बाथरूमच्या भिंती रबरी पट्टीने निपटून काढायच्या, हा नियम मला भाड्याच्या रकमेआधी सांगितला गेला. तांदळाच्या डब्यात पुडी, मिठात पुडी, देव्हाऱ्यात गणपतीच्या पाठीशीसुद्धा पुडी. मी नागपूरची, कोरड्या उन्हाळ्यात वाढलेली. मलासुद्धा त्या घरात ओठ फुटायचे.

"कोरडं ते टिकतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलाखतीत, लग्नाच्या आहेरात, लोणच्याच्या बरणीत, कुठेही ते बसायचं.

बोलणंही तसंच. ओळखीतलं कोणी गेल्याचा फोन आला, की "वय काय होतं?" एवढं विचारून ठेवून द्यायचे. दिवाणखान्यात काकूंचा मोठा फोटो होता. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. त्या फोटोला कधी हार नसे, कारण फुलं ओली असतात आणि भिंतीवर डाग पडतो. मला सुरुवातीला या माणसाचा रागच यायचा. बायकोच्या फोटोपेक्षा भिंत महत्त्वाची मानणाऱ्याबद्दल दुसरं काय वाटणार? पुढे एकदा मी जिन्यातून उतरत असताना पाहिलं, काका त्या फोटोची काच पुसत होते. पुसून झाली होती, तरी पुसत होते.

काकूंची आठवण ते फक्त एका वाक्यात काढत. दिवाळीत काकू चकल्या करायच्या. कढईतून पहिल्यांदा निघायच्या त्या तुटायच्या, तेल प्यायच्या, नाहीतर दगड व्हायच्या. मग त्या म्हणत, "जाऊ दे, पहिला घाणा शिकण्यात जातो," आणि पिठात थोडं मोहन घालून दुसरा घाणा घेत. काका हे वाक्य सगळीकडे वापरत. पहिलं घर घेतलं ते पुरात गेलं, पहिला घाणा. मी पहिल्यांदा हायवेवर गाडी काढली आणि आरसा मोडून आणला, तेव्हाही भरपूर बोलून झाल्यावर तेच. मला वाटतं, तेवढ्यापुरत्या काकू त्यांच्या तोंडून बोलायच्या.

काकांच्या घरी कासवं आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी चहा घेऊन मागच्या अंगणात गेले, तर कुंपणाजवळचा दगड चालायला लागला. मी किंचाळले. काका आतूनच म्हणाले, "स्टार कासव आहे. ओरडू नकोस, त्याला ऐकू येतं." दोन होती, एक नर आणि त्याच्याहून बरीच मोठी मादी. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांचे तारे, आणि प्रत्येक तारा एकेका उंचवट्यावर चढलेला. पाठीवर कोणी बेसनाचे लाडू मांडून ठेवलेत असं वाटावं.

"काय सुंदर नक्षी आहे!" मी म्हटलं.

"नक्षी नाही ती. माझा गाढवपणा आहे," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. लेक रेवा लहान असताना तिच्या हट्टापायी एका प्रदर्शनातून ही जोडी आणली होती. तेव्हा अंगठ्याएवढी होती. विकणारा म्हणाला, कोरड्या मुलखातली जात आहे, कोरडीच ठेवा, पाणी जपून. काकांना हे आयतंच झालं. कोरडा भुसा, डोक्यावर तापलेला दिवा आणि तहान भागेल न भागेल एवढं पाणी. कासवं मेली नाहीत, वाढली. पण कवचाची एकेक खपली वाढताना आडवी न पसरता वर वर चढत गेली. पुढे काही वर्षांनी काकांच्या वाचनात आलं, की ही पिल्लं जन्मतात ती पावसाळ्यात, ओल्या मातीत, ओल्या गवताखाली. वाढीच्या दिवसांत त्यांना ओल लागते.

"आता भिजवलं तर उतरेल का हे?" मी विचारलं.

"नाही. लहानपणी आलेली टेंगळं जन्मभर जात नाहीत. आता काही करता येत नाही त्यांचं." मग "पहिला घाणा," असं म्हणून ते आत गेले.

रेवाला मी तोपर्यंत फक्त ऐकलं होतं. ती प्लेनोला राहायची, गाडीने चार-पाच तासांवर. काकू गेल्यापासून या घरी आलेली नव्हती. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. काका तो स्पीकरवर टाकून समोर टेबलावर ठेवत आणि खुर्चीत ताठ बसत.

"हाय बाबा. यू ओके?"

"ठीक."

"मेडिसिन्स घेताय ना?"

"घेतोय."

"ओके देन. बाय."

"ठेवतो."

फोन संपल्यावर ते बराच वेळ तिथेच बसून राहत. सुरुवातीला मला वाटायचं, यांना फोनचा कंटाळा आहे. तसं नव्हतं. रविवारी सकाळी ते दाढी करून बसत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मादीने कुंपणाजवळ खड्डा करून अंडी घातली. आधीही घालायची, पण ती फुकट जायची. या वेळी काकांनी चमच्याने माती उकरून चार अंडी काढली. जशी होती तशीच, वरची बाजू वर ठेवून, कारण अंडं उलटं झालं तर आतला जीव गुदमरतो. वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली केली आणि चादरींच्या कपाटात उबवणीची पेटी मांडली. चादरी गेल्या माझ्या खोलीत. होळीच्या आसपास एका सकाळी काकांनी जिन्याखालून मला हाक मारली. माझ्या नावाने मारलेली ती पहिली हाक असेल, एरवी "अगं" वर भागायचं. पेटीत एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून मोहरीएवढा डोळा बाहेर बघत होता.

चारही अंडी फुटली. अर्ध्या लिंबाएवढी पिल्लं. मला वाटलं होतं तारे घेऊनच जन्मतील. तसं नसतं. जन्मतः पाठ पिवळी असते, त्यावर काळे डाग, शाई सांडल्यासारखे. तारे वाढीबरोबर उमटत जातात.

आणि मग त्या घरात जे झालं ते सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. काकांनी मागच्या खोलीतलं पाणी ओढणारं यंत्र बंद केलं. तिथला एसी बंद केला, झरोक्याला पुठ्ठा लावला. झाकणाच्या मोठ्या टबात नारळाच्या काथ्याचा ओला भुसा घातला, एका कोपऱ्यात ओलं शेवाळ, एका बाजूला ऊब देणारा दिवा, उन्हाची उणीव भरून काढणारा दुसरा दिवा. खोलीत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची. ज्या माणसाने मला बाथरूमच्या भिंती निपटायला लावल्या, तो हातात फवारा घेऊन दिवसभर भुशावर पाणी मारत होता. "दमट चालेल, पण गार आणि दमट नको," ते मला बजावत. "गार ओल छातीत बसते. ऊब आणि ओल, दोन्ही एकदम पाहिजे."

सकाळी अंघोळ. पसरट ताटलीत कोमट पाणी, तेही कोपर बुडवून पाहिलेलं, बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं. पिल्लांच्या हनुवटीखाली राहील एवढंच. ती जमिनीवरची कासवं, त्यांना पोहता येत नाही. ती पाण्यात असेपर्यंत काका जागचे हलत नसत. फोन वाजला तर वाजू दे. मग जेवण. अंगणातल्या जास्वंदीची पानं बारीक चिरून, मेक्सिकन दुकानातल्या निवडुंगाचे तुकडे, वरून चिमूटभर कॅल्शियमची पूड, कोशिंबिरीवर मीठ भुरभुरावं तशी. फळ अजिबात नाही. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, उलटं करायचं नाही, कौतुक लांबून करायचं.

मराठी मंडळातल्या एक बाई पिल्लं बघायला आल्या आणि म्हणाल्या, "कासव घरात शुभ असतं हो. एक मला द्या ना, उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवीन." काका म्हणाले, "त्याला उत्तर कळत नाही. ऊब कळते." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

एका सकाळी अंघोळ चालू असताना, ताटलीवरची नजर न काढता ते बोलायला लागले. "रेवाने एकदा भिजवलं होतं मोठ्या दोघांना. दहा वर्षांची असेल. म्हणाली, बाबा, ती तहानलेली दिसतात. बाथटबमध्ये पाणी सोडून बसवली होती. एवढंच पाणी. हे आहे एवढंच."

"मग?"

"मग काय! कोरड्यातलं जनावर भिजवतेस, मारून टाकशील, म्हणून ओरडलो. कासवं गॅरेजमध्ये बंद केली. तिच्याशी बोलणं टाकलं. रोज झोपायच्या आधी दाराशी येऊन 'गुड नाइट, बाबा' म्हणायची. मी उत्तर देत नव्हतो. शिस्त लागावी म्हणून." एक पिल्लू ताटलीच्या काठावर पाय ठेवून चढू बघत होतं, त्याला त्यांनी बोटाने अलगद मागे घेतलं. "तिचं बरोबर होतं. भिजवायलाच पाहिजे होतं."

"हे तिला सांगितलंत कधी?"

काकांनी पाण्यात कोपर घातलं. "गार झालं," असं म्हणून ते पिल्लं पुसायला लागले.

एप्रिलमध्ये मिरजेहून अक्का आल्या. काकांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली आणि जिभेने सरळ. आई लवकर गेली तेव्हा अक्कांनीच काकांना वाढवलं होतं. आल्या आल्या त्यांनी मला सांगून टाकलं, "हा लहानपणी भलता रडका. रोज उशी ओली करायचा. मी पदराने तोंड पुसायची, पण एका शब्दाने कधी बोलले नाही. कसं बोलणार, आईविना पोर." काका तिथेच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं, पण कान लाल झाले होते.

अक्कांनी आल्याबरोबर गणपतीमागची पुडी काढून फेकली आणि काकूंच्या फोटोला जास्वंदीचा हार घातला. काकांनी तो काढला नाही. पण जास्वंदीवरून रोज सकाळी दोघांची जुंपायची. अक्कांना देवाला फुलं हवीत, काकांना पिल्लांना.

"अरे, देवाच्या तोंडचं काढून कासवाला घालतोस?"

"तुझा देव खात नाही, अक्का. ही खातात."

"कासवसुद्धा देवच. देवळात शिरताना आधी कासवाला नमस्कार करतो ना आपण? विष्णूचा अवतार तो."

शेवटी तह झाला. फुलं देवाला, पानं पिल्लांना. अक्का रोज अंघोळीच्या वेळी खुर्ची ओढून बसत आणि कुरकुरत, "चमचाभर पाण्यात काय बसवतोस त्यांना! माझ्या घरचं पितळी कासवसुद्धा वाटीभर पाण्यात असतं. पाण्यातलं जनावर, आणि हा बघा कसा कंजूष." काका समजावून सांगत, की ही पाण्यातली नव्हेत. अक्का हं म्हणत. त्यांना ऐकू कमी यायचं, हे काकांच्या लक्षात आलं होतं. नीट आलं नव्हतं, इतकंच.

मे महिन्यात काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मला फोटो काढायला लावला. चारही पिल्लं जास्वंदीच्या पानावर ओळीने. पाठी गुळगुळीत, नदीतल्या गोट्यांसारख्या, आणि डागांमधून ताऱ्यांचे पहिले बारीक किरण फुटलेले. फोटो रेवाला पाठवला. खाली त्यांनी काही लिहिलं नाही, लिहायला त्यांना सुचत नसे. तिचं उत्तर आलं ते त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. "दे आर सो स्मूद, बाबा." आणि खाली, की लाँग वीकेंडला येते.

मग त्या माणसाचे दिवस कसे गेले, विचारू नका. पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंतीचे डाग पुसले. उरलेलं यंत्रही बंद केलं. "तिचे ओठ फुटायचे लहानपणी," म्हणाले. चौघांतलं एक पिल्लू त्यांनी तिच्यासाठी निवडून ठेवलं, मानेजवळ काळा ठिपका असलेलं, सगळ्यात खादाड. तिच्या हातात ठेवीन आणि मग सांगीन, असं ते मला म्हणाले. काय सांगीन, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, की त्या गुळगुळीत पाठीशिवाय ते वाक्य त्यांच्या तोंडून निघणार नाही.

रेवा शनिवारी यायची होती. शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. दुपारी काका निवडुंग आणि रेवाला आवडतात म्हणून आंबे आणायला बाहेर गेले. गॅरेजचं दार वाजलं तशी मी पिशव्या घ्यायला खाली आले. अक्का स्वयंपाकघरात उभ्या होत्या, आत येणाऱ्या काकांकडे बघून तोंडभर हसत.

"ये, ये, बघ. लेक यायची आहे ना उद्या, म्हणून मी पूजा घातली त्यांची. आणि बघ तर कशी शांत झालीत! तुझ्या त्या चमचाभर पाण्यात नुसती वळवळायची."

ओट्यावर काकूंच्या वेळचं मोठं पितळी पातेलं होतं, काठोकाठ भरलेलं. वर हळद-कुंकू तरंगत होतं, मधोमध जास्वंदीचं लाल फूल. तळाशी चार पिल्लं पडली होती.

काका दारात थांबले. पिशवी त्यांनी सावकाश खाली ठेवली. मग सिंकपाशी जाऊन हात धुतले. मग पातेल्यात हात घालून एकेक पिल्लू बाहेर काढलं, अक्कांकडे पाठ करून, त्याचं डोकं खाली धरून, पुढचे पाय बोटाने आत-बाहेर दाबत. नाकातून पाणी आलं. बाकी काही आलं नाही.

"काय रे, काय झालं?" अक्का म्हणाल्या.

मी काकांकडे बघत होते. माझ्या गाडीचा आरसा मोडला तेव्हा हा माणूस मला अर्धा तास बोलला होता. आता काय होणार?

"काही नाही, अक्का," काका म्हणाले. आवाज अगदी सरळ. "पोहून दमलीत. झोपवतो त्यांना."

"बघ, म्हटलं नव्हतं? पाणीच हवं होतं त्यांना!"

"हो. छान केलंस."

चौघांना पंच्यात गुंडाळून ते मागच्या खोलीत गेले. मी पाठोपाठ गेले आणि दार लावलं. त्या उबदार दमट खोलीत ते बराच वेळ ते पाय दाबत राहिले. ठिपकेवाल्याला सगळ्यात जास्त वेळ. शेवटी थांबले. मी रडत होते. "तिला सांगायचं नाही," ते म्हणाले. "ऐंशीच्या पुढची आहे. हे घेऊन विमानात बसेल का ती? घरी पोचेल का?" मग टबाकडे बघून म्हणाले, "मादी अजून घालेल. पुढच्या हिवाळ्यात. आता मला सगळं येतं." हे ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. अक्का दुपारच्या झोपेत असताना आम्ही पिल्लं जास्वंदीच्या मुळाशी पुरली.

रेवा दुसऱ्या दिवशी आली. काकूंचं कपाळ आणि काकांची हनुवटी. अक्कांनी तिची दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "चल, पिल्लं दाखवते." काका म्हणाले, "अक्का, सकाळीच डॉक्टरकडे दिलीत तपासायला. राहतील तिथे काही दिवस." एवढं लांबलचक खोटं त्यांच्या तोंडून ऐकून रेवाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी मी अंगणात चहा घेऊन गेले तेव्हा दोघं खुर्च्यांवर बसली होती. मी परत फिरणार, तर रेवाने मला हाताला धरून बसवलं. बापाबरोबर एकटं बसायची तिला सवय नसावी.

"व्हेअर आर दे, बाबा? खरं सांगा."

काकांनी सांगितलं. चार-पाच वाक्यांत, गंजाचा अहवाल द्यावा तसं. रेवाने तोंडावर हात धरला.

"ओ माय गॉड. आत्याला किती वाईट वाटत असेल..."

"तिला माहीत नाही. झोपलीत म्हणून सांगितलं."

"यू डिडन्ट येल?"

"नाही."

"बोलणं टाकलं नाही?"

"म्हातारी आहे ती. मायेने केलं तिने. काय बोलायचं?"

रेवाच्या कपातला चहा तसाच होता. कुंपणाजवळ मादी गवत ओरबाडत होती, तेवढाच आवाज येत होता. मग रेवा हळूच म्हणाली, "सो यू न्यू हाउ. तुम्हाला हे येत होतं."

"तेव्हा येत नव्हतं," काका म्हणाले.

"आय वॉज टेन, बाबा. मी पण मायेनेच केलं होतं."

काकांनी मान खाली घातली. "पाण्याचं तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. ज्या वाक्यासाठी त्यांनी इतके महिने चार जीव जपले होते, ते असं रिकाम्या हाताने निघालं. "मला माहीत नव्हतं. शिकत गेलो. तुझी आई म्हणायची..."

"पहिला घाणा शिकण्यात जातो. आय नो." रेवाचा आवाज फाटला. "बट शी ऑल्वेज हॅड मोर पीठ, बाबा. आईकडे पीठ उरलेलं असायचं. तुमच्याकडे कुठे होतं? देअर वॉज ओन्ली मी."

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्याविषयी बोलायची वेळ आली की लोक पुड्यांचे आणि तबकड्यांचे किस्से सांगतात, हसतात, मीही हसते. मला मात्र त्या खुर्चीतले, मान खाली घातलेले काका दिसतात. माझ्या जिवाला इतकं लागलं, की त्या क्षणी मला रेवाचा राग आला, आणि लगेच वाटलं, हिने हे कोणाला सांगायचं मग?

सोमवारी सकाळी रेवा निघाली. सामान गाडीत ठेवून झाल्यावर ती अंगणात गेली आणि मादीला दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. त्या टेंगळांवरून तिची बोटं फिरत होती, एकावरून दुसऱ्यावर.

"आय'म टेकिंग हर," ती म्हणाली. "ती माझी होती."

मादी गेली म्हणजे आता अंडी नाहीत. पुढचा हिवाळा नाही, गुळगुळीत पाठ नाही. काकांना हे कळत होतं. रेवालाही कळत असावं, कारण ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती, ते काय म्हणतात याची वाट बघत. काका "हो" म्हणाले. मग आत गेले आणि एकेक वस्तू आणू लागले. दिवा, पसरट ताटली, निवडुंगाची पिशवी, कॅल्शियमचा डबा, ओल्या कागदात गुंडाळलेली जास्वंदीची फांदी. पुढच्या सीटवर खोकं ठेवलं, त्यात गवत घातलं, त्यावर मादी ठेवली. अक्का खिडकीतून हात हलवत होत्या, "जपून चालव गं पोरी! डॉक्टरकडून पिल्लं आली की फोन करीन!"

काका गाडीच्या काचेशी वाकले. "उन्हात सोडत जा. फळ देऊ नकोस. आणि रोज भिजव."

"आता भिजवून काय होणार, बाबा?" रेवाने समोर बघतच विचारलं. "पाठ थोडीच बदलणार आहे?"

"पाठ नाही बदलत," काका म्हणाले. "पण तिला बरं वाटतं."

रेवाने मान हलवली आणि काच वर केली.